सीमा मॅडमचं पाळणाघर

लालबागच्या चाळीत शांताने पाळणाघर काढलं, तेव्हा चाळीतली पोरं लगेच आली. शेजारच्या टॉवरमधले आईबाप मात्र दारातूनच डोकवायचे आणि "कळवतो" म्हणून सटकायचे. शांता काळीसावळी, अंगाने थोराड, तोंडात मालवणी. टॉवरमधल्या श्रेयाने तर तिलाच विचारलं, "मावशी, मॅडम कुठायत?" शांता "मीच" म्हणाली, आणि श्रेयाला एकदम ऑफिसचा महत्त्वाचा फोन आला.

शांताने त्या रात्री नणंदेला निरखून बघितलं. सीमा गोरी, घाऱ्या डोळ्यांची. दादरला साडीच्या दुकानात काउंटरवर होती. दुकान बंद झाल्यापासून घरीच. पोरांचा तिला मनस्वी कंटाळा. एखाद्याचं नाक वाहिलं तरी ही गॅलरीत पळायची.

"सीमा, उद्यापासून दारात खुर्ची टाकून बस."

"मी? वहिनी, मला पोरांतलं काय कळतं?"

"कळूक कित्याक व्हया? गोरी असस, ता पुरे."

महिन्याभराने श्रेया पुन्हा आली, कडेवर लेक मनू. खुर्चीत सीमा, इस्त्रीचा ड्रेस, चष्मा.

"मॅनेजमेंट बदललं वाटतं?"

"येस मॅडम, वेलकम!" सीमाच्या तोंडून काउंटरची सवय निघाली. मनूकडे बघत म्हणाली, "लव्हली पीस!"

श्रेया हरखली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आतल्या मावशी मुलांशी शुद्ध बोलतात ना?"

"माझं लक्ष असतं."

आत शांता तोंडात पदर कोंबून हसत होती.

बघता बघता टॉवरची पोरं वाढली. दिवाळीला सीमाला मिठाईचे डबे यायचे आणि शांताला जुने कुडते. मिठाई दोघी मिळून खायच्या. कुडत्यांनी लादी छान पुसली जायची.

एके दुपारी शांता दळण आणायला खाली उतरली, आणि नेमकी मनू पडली. भोकाड पसरलं. सीमा हातभर अंतर राखून विनवत होती, "मॅडम, मॅडम, रडू नका ना!" श्रेया त्या दिवशी लवकर सुटली होती, ती दारात येऊन थबकली. तेवढ्यात मागून शांता पिठाचा डबा घेऊन आली. डबा खाली, मनू कडेवर. मनूने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि हुंदका गिळत म्हणाली, "मावशे, माका भूक लागली."

"ही... ही कुठली भाषा बोलतेय?" श्रेयाने सीमाला विचारलं.

सीमा घामाघूम झाली होती. "वहिनीची. पाळणाघरही तिचंच. मी नुसती बसते."

श्रेयाचा चेहरा लाल झाला. "मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितललंय की," शांता म्हणाली. "तुमका फोन इलो."

श्रेया लादीवर बसली. मनू पेजभात खात होती, आईकडे ढुंकूनही बघत नव्हती.

बातमी टॉवरमध्ये पसरली. दोघा-तिघांनी पोरं काढून घेतली. मनू राहिली. सीमाला दादरलाच दुसऱ्या साडीच्या दुकानात काम मिळालं आणि ती सुटल्यासारखी पळाली.

परवा श्रेया ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रिणीने शांताला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "कळवते हं" म्हणून जिना उतरली.

श्रेया भडकली. "काय एकेक माणसं असतात ना, मावशी!"

शांताने मोठ्या कष्टाने हसू दाबलं. "असतत खरी," ती म्हणाली.