प्रेस नंबर तीनचा मंत्र

मंत्रांचा जमाना गेला असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या चाकणच्या कंपनीत एक शिफ्ट करून पाहावी! ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हापासून रोज एक किस्सा पदरात पडतो. कंपनीच्या बसमध्ये सांगायला बसले की निगडी येते, किस्से संपत नाहीत.

*

प्रेस नंबर तीनचा सेन्सर बंद पडला. म्हणजे हात आत असला तरी प्रेस खाली येणारच. मशीनवर लातूरच्या शोभाताई. मी तडक प्लांट मॅनेजर देसले साहेबांकडे गेले.

"मॅडम, माझा गुरुमंत्र लक्षात ठेवा. प्रॉब्लेम नको, सोल्युशन आणा!"

"आणलंय सर. नवीन सेन्सर!"

साहेबांना नेमका तेव्हाच फोन आला.

*

मेंटेनन्सचे दत्ताभाऊ पुनावळ्याचे जुने गावकरी. त्यांनी प्रेसला लिंबू-मिरची बांधली.

"दत्ताभाऊ, लिंबाने प्रेस थांबते?"

"न्हाई. पर लिंबाला साहेबाची मंजुरी लागत न्हाई!"

*

मग सेन्सरऐवजी एक ट्रेनर आला. सुटाबुटातला. विषय, 'यशाचे मंत्र'. टाळ्या वाजवायला लावून म्हणाला, "मनातली भीती छूमंतर करा!"

शोभाताईंनी हात वर केला. "सर, भीतीचं जाऊ द्या हो. बोटंच छूमंतर झाली तर कुठं हुडकू?"

ट्रेनरने घाईने पुढची स्लाइड लावली.

*

एचआरने प्रेसवर स्टिकर लावला, 'सुरक्षा हाच मूलमंत्र'. नेमका सेन्सरच्या लाल दिव्यावर! बिघाड झाकला, विषय मिटला.

मी स्टिकर टराटरा फाडला आणि लाल दिवा अख्ख्या लाइनला दाखवला. मला मेमो आला, 'कामगारांना कानमंत्र देऊ नयेत.'

कानमंत्र? मी तर सगळ्यांदेखत ओरडले होते!

*

आणि मग तो सोमवार. शनिवारच्या शिफ्टला शोभाताईंचा हातमोजा प्रेसमध्ये ओढला गेला होता. हात थोडक्यात वाचला.

शिफ्ट सुरू होताना आम्ही रांगेत उभे राहून कंपनीचा सुरक्षा मंत्र म्हणतो, "आधी हात, मग काम!" मंत्र चालू असताना कुणी मशीनला हात लावायचा नाही, हा देसले साहेबांचाच कडक नियम.

मंत्र म्हणून झाला. साहेब म्हणाले, "चला, मशीनवर!"

शोभाताईंनी पुन्हा सुरुवात केली, "आधी हात..."

अख्खी लाइन मागोमाग, "मग काम!" माझा आवाज सगळ्यात मोठा. पुन्हा. आणि पुन्हा. गेटवर माल न्यायला आलेला ट्रक हॉर्न वाजवायला लागला.

"अहो, एकदा म्हटला की बास!" साहेब घामाघूम.

"एकदा म्हणून कुठला मंत्र सिद्ध होतोय, साहेब?" शोभाताई म्हणाल्या. "आधी हात..."

शेवटी साहेब दत्ताभाऊंवर खेकसले, "मागवा तो सेन्सर! मंजूर!"

दत्ताभाऊंनी मिटलेले डोळे उघडलेच नाहीत.

"मागवतो की. पर सेन्सर बसंपत्तोर जप चालू हाय, साहेब."