खुंटाचं फूल

शनिवारी सकाळी, गावच्या बागवाल्या क्लबची माणसं यायच्या आत, इशबेल मॅकफेल मागच्या उतारावर गेली ती नुसती बघायला. हातात काही नव्हतं. हे नंतर तिने सगळ्यांना आवर्जून सांगितलं: गेले तेव्हा कात्री घरातच होती.

ऱ्होडीचं झुडूप आता तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. तिच्या नवऱ्याने, डूगलने लावलेलं. डूगलला जाऊन सहा वसंत झाले होते आणि झुडपाने कळ्या धरल्या त्या या वर्षी पहिल्यांदा. आदल्या संध्याकाळी त्यातली एक कळी टोकाशी उकलली होती आणि आत काहीतरी जांभळट दिसलं होतं. इशबेलने स्वतःची समजूत घातली, की पिवळी ऱ्होडीसुद्धा कळीत असताना गुलाबी दिसते, उमलली की रंग निवळतो. डूगलच म्हणायचा तसं. त्या समजुतीवर तिने रात्र काढली. आता समोर गुच्छ पूर्ण उमलला होता, आणि तो जांभळा होता.

जांभळा म्हणजे कसा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. खाडीपलीकडचा अख्खा डोंगर त्याच रंगाने भरला होता. ऱ्होडोडेंड्रॉन हे पूर्ण नाव इथे फक्त पाट्यांवर लिहितात, बोलताना सगळे ऱ्होडीच म्हणतात. पण डोंगरावरच्या त्या रानटी जांभळीला क्लबमध्ये कोणी ऱ्होडीही म्हणत नाही. तिला 'ती' म्हणतात. घरातून पळून गेलेल्या सुनेला म्हणावं तसं. ती एकदा शिरली की ओकची रोपं मरतात, नेचे मरतात, खाली गवताची काडी उगवत नाही. दर शरद ऋतूत क्लबची माणसं करवती घेऊन तिच्यामागे लागतात.

आणि डूगलने कलम बांधलं होतं ते तिच्याच खुंटावर. सगळेच बांधतात. वरची काडी नाजूक, खालचा खुंट दांडगा. एवढंच, की खुंटाला फुटवे आले तर ते वेळीच खुडायचे. नाही खुडले, तर खुंट माजतो आणि कलमाला खाऊन टाकतो.

इशबेलने फुटवे खुडले नव्हते. तिला कुठलं कळायला? जन्मभर ती गावच्या शाळेत पोरांचा स्वयंपाक करत आली, आणि क्लबमध्ये होती ती चहा आणि आल्याचा केक यांच्यापुरती. डूगल गेल्यावर मात्र तिने या झुडपाची सेवा सुरू केली. माशाचं खत घातलं, वाऱ्याला आडोसा केला. क्लबच्या व्याख्यानात ऐकलं होतं, मरतुकडं छाटा, जोमदार ठेवा. मधोमध दोन-तीन पिवळ्या पडलेल्या, किडकिडीत काड्या होत्या, त्या तिने स्वतःच्या हाताने छाटल्या होत्या. छाटताना समाधानही वाटलं होतं.

म्हणजे पोसलं ते खुंटाला, आणि कापलं ते डूगलचं कलम.

ती घरात गेली, कात्री घेऊन आली, आणि झुडपावरची प्रत्येक कळी कापली. उमललेली, मिटलेली, सगळ्या. एप्रनमध्ये भरून आणल्या, मोरीजवळच्या सालपटांच्या बादलीत कोंबल्या आणि वर झाकण दाबून बसवलं. हात धुतले. मग केकचे तुकडे करायला घेतले, आणि मधेच जाऊन झाकण पुन्हा दाबून आली.

इतकं घाबरायचं काय, असं कोणी म्हणेल. एक झुडूप ते काय. पण आज त्या झुडपाला डूगलचं नाव मिळायचं होतं.

डूगलने ही जात स्वतः घडवली होती. दोन ऱ्होडींचा संकर करून, बी पेरून, वर्षानुवर्षं वाट बघून. मूळ झाड एकदाच फुललं. लोण्यासारखं फिकट पिवळं, आत खोल तळाशी लाल ठिपका. जॅमच्या बाटलीत तो एक गुच्छ घेऊन डूगल क्लबच्या सभेला गेला तेव्हा सगळे खुर्च्या सोडून भोवती जमले. मग अध्यक्ष नेटा गॅलब्रेथ म्हणाली की फार सुंदर आहे, पण क्लबचा नियम आहे: सभासदांच्या डोळ्यांसमोर दोनदा फुलल्याशिवाय नाव नाही. डूगल हसला आणि म्हणाला, बरोबरच आहे. इशबेल हसली नाही. त्याच हिवाळ्यात वादळाने मूळ झाड उखडलं. उरलं ते हे एक कलम. दुसऱ्यांदा फुलायची वाट बघता बघता डूगलच गेला.

नेटा त्या शाळेची हेडमास्तरीण होती, जिथे इशबेल रांधायची. सूप पातळ झालं तर ती स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि काही न बोलता उभी राहायची. तीच उभं राहण्याची पद्धत तिने क्लबमध्येही आणली होती. नेटाने स्वतः फोन करून सांगितलं होतं, की मे महिन्याची भेट यंदा इशबेलच्या बागेत. एक फूल उमललेलं दाखव, पुरे. मग रिवाजाप्रमाणे घरधनीण झुडपाच्या मुळाशी गार चहा ओतेल आणि अध्यक्ष नाव उच्चारेल.

गाडीचा हॉर्न वाजला. दहा-बारा माणसं चिखलाच्या बुटांनी उतरली. प्रत्येकाच्या हातात बाटली, बाटलीत आपापल्या बागेतला एक गुच्छ. लाल, शेंदरी, पांढरा. ओट्यावर बाटल्यांची रांग लागली. गाडी चालवणारा सँडी ऑर आधी फेरीबोटीवर होता, त्याला कुठेही गेलं की पहिला चहा लागतो. कोणी उतारावर जायच्या आत त्याने किटलीतला जुना चोथा काढला आणि बादलीकडे वळला.

"तिथे नको," इशबेल म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "मोरीत टाक."

"मोरी तुंबेल गं."

"तुंबू दे. माझी मोरी आहे."

सँडीने भुवया वर केल्या आणि चोथा मोरीत टाकला. नेटा दारात उभी होती. तिने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा इशबेलकडे, आणि म्हणाली की चला, आधी झाड बघू.

झुडपापुढे सगळे फूल शोधू लागले. इशबेलने घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं: पहाटे हरणं आली असणार, एक कळी ठेवली नाही. मग जो तो हळहळायला लागला. एकीने आपल्या ट्यूलिपची कर्मकथा सुरू केली, कोणी इशबेलच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिला निखाऱ्यासारखा लागला. नेटाने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, एक फांदी खाली ओढली आणि टोक निरखलं. मग दुसरी ओढली. मग तिसरी.

"हरणं मोठी टापटीप आहेत तुझ्याकडची," ती म्हणाली.

सगळे हसले. सँडी म्हणाला, की इशबेलने शाळेत अख्ख्या गावाला काटा-सुरी धरायला शिकवलं, हरणांनाही शिकवलं असेल. नेटा हसली नाही. तिने माणसांना चहाला पुढे पाठवलं. मी जरा कुंपण बघते, म्हणाली, इशबेल दाखवेल.

पावलं दूर जाईपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"हरणाला वरचे पुढचे दात नसतात," नेटा म्हणाली. "ते ओढून तोडतं. टोक चिंध्या होतं. हे बघ, सुरीने केक कापावा तसं आहे."

"असेल."

"कात्री कुठे आहे, इशबेल?"

"मिसेस गॅलब्रेथ, मी तुमच्या शाळेतली पोर नाही."

क्लबमध्ये आल्यापासून ती नेटाला नावाने आणि 'तू'च म्हणायची. आज पुन्हा 'तुम्ही' ऐकून नेटाने चष्मा काढला.

"रंग कोणता होता?"

खालून खाडीवरचा वारा आला आणि झुडपाची पानं सळसळली. इशबेलने ठरवलं होतं की सांगायचं नाही. फिकट पिवळा होता, म्हणायचं. कोणी पाहिलंय? तिने तोंड उघडलं.

"जांभळा," ती म्हणाली. आणि मग थांबताच येईना. "सांगा जाऊन सगळ्यांना. मॅकफेलबाईने नवऱ्याचं झाड मारलं आणि सहा वर्षं खुंटाला खत घातलं. तुमचा नियम बरोबर होता, हेही सांगा."

नेटाने डोंगराकडे पाहिलं.

"नियम बरोबरच होता," ती म्हणाली. "त्या दिवशी मी नाव दिलं असतं तरी आज हे असंच फुललं असतं. फक्त डूगलने ते नाव कानाने ऐकलं असतं."

नेटाने उत्तराची वाट बघितली नाही. तिने स्कर्ट आवरला आणि सरळ चिखलात गुडघे टेकले.

"अहो, गुडघा बदललाय ना तुमचा?"

"एकच. दुसरा देवाचा आहे. ये खाली. डूगल कलम कुठे बांधायचा, वर की जमिनीलगत?"

"जमिनीलगत. पाठ दुखते म्हणून रोज ओरडायचा."

"मग काही उरलं असेल तर ते खालीच. पानांच्या पाठी चाचप. डूगलच्या ऱ्होडीच्या पानाला पाठीशी लव होती. त्या दिवशी बाटलीतल्या गुच्छाखालची पानं मी हातात धरून पाहिली होती. खुंटाचं पान गुळगुळीत असतं."

दोघी म्हाताऱ्या झुडपाच्या आत शिरल्या. आत अंधार, ओल, सडलेल्या पानांचा वास. इशबेल एकेक पान अंगठा आणि बोटात धरून उलटं चोळत गेली. गुळगुळीत. गुळगुळीत. पुन्हा गुळगुळीत. घरातून हसण्याचे आवाज येत होते. कोणीतरी तिला हाक मारत होतं, की चाळणी कुठे ठेवलीस? केसांत काटक्या अडकल्या, कोपर सोलवटलं. तिच्या मनात आलं, की काही सापडायचं नाही आणि ही बाई हे तिला शिक्षा म्हणून करायला लावतेय, सूप पातळ झाल्याची.

पलीकडच्या दगडी बांधाशी शेवाळात एक फांदी आडवी पडली होती. बोटाइतकीही जाड नाही. टोकाला पाच-सहा पानं, निम्मी करपलेली. इशबेलने एक पान उलटलं आणि तिचा अंगठा तिथेच थांबला.

मांजराच्या कानामागे असते तशी लव होती.

तिने नेटाचा हात धरून त्या पानावर ठेवला. नेटाने डोळे मिटून चाचपलं, मग शेवाळ हळूच बाजूला केलं. फांदीने तिथे आपली मुळं धरली होती, केसासारखी, पांढरी.

"जगेल?" इशबेलने विचारलं.

"सांगता येत नाही. या सावलीत तर नाहीच. हे वरचं सगळं काढावं लागेल. आणि हे आजच, मुळांना धक्का न लावता. उद्याचं ऊन त्याला मिळायला हवं." नेटा थांबली. "झाड तुझं आहे. तू म्हणशील तर हरणं आली होती, आणि मी गप्प बसेन. पण मग करवत मागता येणार नाही. कशासाठी ते विचारतील."

इशबेलने वर पाहिलं. सहा वर्षं रोज सकाळी ती या झुडपाशी बोलली होती. दर थंडीत त्याला पोत्यांचा आडोसा केला होता. ते डूगल नव्हतं, हे आता तिला ठाऊक होतं; पण बोलली तर ती त्याच्याशीच होती ना.

ती उठली आणि घराकडे चालू लागली. नेटा मागून लंगडत आली.

स्वयंपाकघरात सगळे उभ्याउभ्या केक खात होते. सँडीच्या हातात पुन्हा किटली होती. मोरी खरोखरच तुंबली होती आणि तो चोथा कुठे टाकावा म्हणून इकडेतिकडे बघत होता. इशबेलला चिखलाने माखलेली, केसांत पानं अडकलेली पाहून सगळे वळून बघू लागले.

"बादलीत टाक, सँडी," ती म्हणाली.

"मघाशी तर नको म्हणालीस."

"मघाशी म्हणाले. आता उघड झाकण."

त्याने उघडलं. जांभळी फुलं दाबून बसवलेली होती, ती फुगून वर आली आणि दोन-चार फरशीवर पडली. ओट्यावर बाटल्यांतली लाल, शेंदरी, पांढरी फुलं, खाली 'ती'. खोलीतल्या प्रत्येकाला एका नजरेत सगळं कळलं. ट्यूलिपवाल्या बाईने कप खाली ठेवला.

"हरणं आली नव्हती," इशबेल म्हणाली. "मीच होते. खुंट फुलला म्हणून कापलं. डूगलचं कलम थोडं जिवंत आहे, बांधाशी. त्याला ऊन हवंय."

इशबेलला वाटलं, आता एकेक जण बाटली उचलेल आणि जाईल. सँडीने किटली ठेवली, फरशीवरचं एक फूल उचललं, परत बादलीत टाकलं, आणि म्हणाला की करवती गाडीतच आहेत, शरदापासून काढल्याच नाहीत, बायको रोज बोलते.

पहिली फांदी इशबेलने कापली. लाकूड कठीण होतं, करवत अडायची. कोणी मदतीला पुढे झालं तर नेटा हाताने मागे सारायची. त्यानंतर मात्र सगळे भिडले. दुपार कलेपर्यंत उतारावर फांद्यांचा ढीग झाला आणि जिथे झुडूप होतं तिथे उजेडाचा मोठा तुकडा पडला. त्याच्या कडेला, बांधाशी, ती लुळी फांदी. भर उजेडात आणखीच केविलवाणी दिसत होती. सँडीने तिच्याभोवती दगड रचले.

मंडळी निघताना इशबेलने गार झालेल्या चहाचा कप आणला.

"नाव?" तिने विचारलं.

"फुलल्यावर," नेटा म्हणाली.

"तोवर आपण असणार आहोत का?"

"तुझं माहीत नाही. मी असेन. आणि नसले, तर मी चुकले हे सांगायला तुला यावं लागेल थडग्यावर, फूल घेऊन. तेवढ्यासाठी तरी जगशील."

"तू ना, नेटा," इशबेल म्हणाली.

कप तिने हातात तसाच धरून ठेवला. गाडी वळणापलीकडे गेली, आवाज थांबला. मग तिने खाली बसून चहा मुळाशी थोडा थोडा ओतला, आणि नाव नियमाप्रमाणे उच्चारलं नाही. ओठ मात्र हलले. ऊन पानांवर आलं होतं. वारा सुटेल म्हणून ती आत जाऊन पोतं घेऊन आली.