हस्तलिखितांचा राखणदार

सन १९४६. मी बावीस वर्षांचा, सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथालयाचा शिपाई. शाळा दोनच इयत्ता, पण इंग्रजी पुस्तकंसुद्धा मी पुठ्ठ्याच्या रंगावरून बिनचूक काढून द्यायचो.

आमचे ग्रंथपाल साहेब शेतकऱ्याच्या घरातले, बोलणं गावाकडचंच आणि हट्ट लय दांडगा. एका कादंबरीकारानं आपली हस्तलिखितं कॉलेजला दिली होती. ती कुणाच्या हाती द्यायच्या आधी साहेब त्याची बोटं हुंगायचे. तंबाखूचा वास आला, की म्हणायचे, "धुऊन या."

एकदा खुद्द कादंबरीकारच घामाघूम होऊन आले.

"उद्या सासूबाई माझे कागद बघायला येताहेत. कादंबरीतल्या कजाग बाईला मी आधी त्यांचंच नाव दिलं होतं. छापताना बदललं, पण या कागदांवर तेच आहे. तेवढं खोडू द्या."

"आवं, कागद आता कॉलेजचं हायती. एक टिंब खोडायचं न्हाई."

"माझा संसार मोडेल हो!"

"लिवताना कळलं न्हाई व्हय?"

बिचारे मान खाली घालून गेले. मला साहेबांचा लय राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तो गठ्ठा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि धडधाकट शिडी माझ्या खांद्यावर देऊन सुताराकडं दुरुस्तीला पाठवली.