दिवाळीत तिथे पाऊस नसतो

ऐंशीच्या दशकात, एका मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मी काम करत होतो त्या कोल्हापूरच्या दैनिकाच्या पुरवणीत थायलंडमधल्या एका बेटावर लेख छापून आला. लेख मी लिहिला होता. मी त्या बेटावर गेलो नव्हतो.

त्या आठवड्यात प्रवासाच्या सदराचा मजकूर आलाच नाही आणि पान शनिवारी दुपारी छपाईला जायचं होतं. मुंबईच्या एका प्रवासी कंपनीचं इंग्रजी पत्रक टेबलावर पडलं होतं. ते समोर ठेवून मी दीड तासात लेख पुरा केला. ‘आम्ही होडीतून उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं,’ अशी सुरुवात केली. गुडघ्याएवढं पाणी पत्रकातल्या फोटोत होतं. शेवटी, केव्हा जावं हे सांगायला हवं होतं. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस ओसरतो, दिवाळीला आभाळ मोकळं असतं. मी लिहिलं, ‘दिवाळीच्या सुटीत जावं. तेव्हा तिथे पाऊस नसतो.’ पत्रकाची मागची बाजू मी वाचली नाही.

लेखाखाली नाव नव्हतं, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढंच होतं. पंधरा दिवसांनी एक जोडपं चौकशी करत माझ्या टेबलापाशी आलं. गृहस्थांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना होता. बाईंच्या हातात लेखाचं कात्रण आणि शाळेची दोनशे पानी वही होती.

“पावणं, बेटाचं तुम्हीच लिवलंय न्हवं?” गृहस्थांनी खुर्ची ओढत विचारलं. “हिनं चार येळा वाचून दाखवलंय मला. आता मला तितली वाट तोंडपाठ हाय.”

“गप बसा की,” बाई म्हणाल्या. “दादा, आम्ही जायाचं ठरवलंय. पंचवीस वरसांत ह्यांनी कारखाना बंद ठिवून कुटं न्हेलं न्हाय मला.”

“जोतिबाला न्हेलतो.”

“ते डोंगरावर. आनी सांजच्याला माघारी.”

वहीत सगळा बेत मांडलेला होता. मुंबईपर्यंत एसटी, बँकॉकपर्यंत विमान, तिथून आगगाडी, मग बोट. सामानाची यादी वेगळ्या पानावर होती: चटणी, भडंग, मेणबत्त्या, दोन चादरी. बाईंनी एकेक प्रश्न विचारला आणि उत्तरासमोर टिंब केलं. भात मिळतो का? मिळतो. किनारा राहायच्या जागेपासून लांब आहे का? समोरच आहे. ही उत्तरं पत्रकात होती.

मग त्यांनी वही मिटली. “माझं म्हायेर गगनबावड्याचं. चार महिनं भिताडास्नी वल यायची. धुणं चुलीवर वाळवायचं. पावसाचा वीट आलाय बघा मला. तितं दर्याकडं त्वांड करून, खुर्ची टाकून, उनात बसायचं. एवढंच पायजे. दिवाळीत तितं पाऊस न्हाय न्हवं?”

“दिवाळीत कुठला पाऊस?” मी म्हणालो.

“तुम्ही गेलतासा, म्हंजे तुमास्नी ठावं.”

मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर दिवाळीपर्यंत पाच महिने होते. बाई त्या काळात आणखी दोनदा आल्या. एकदा पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येऊन गेला, ते सांगायला. एकदा नवा पासपोर्ट दाखवायला. फोटोत त्यांनी डोळे मोठे केले होते. “चोर दिसतीया न्हवं?” त्या म्हणाल्या. मी हसलो. माझ्या टेबलावर टेलिफोन होता आणि मुंबईला ट्रंककॉल लावायची मला मुभा होती. त्याच पावसाळ्यात कळंबा तलाव भरल्याची तीन ओळींची बातमी देताना पाणी सांडव्यावरून गेलं की नाही, याची मी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली होती. बेटाबद्दल मी एकही फोन केला नाही.

ते दिवाळीत गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस दोघं कचेरीत आले. बाईंनी नारळाच्या वड्यांचा पुडा माझ्यासमोर ठेवला.

“सात दिवसांत सा दिवस पाऊस,” गृहस्थ सांगू लागले. “दोन दिवस बोट बंद. खुर्च्या हुत्या, पर त्या मालकानं दोरीनं बांधून ठिवलेल्या. ही म्हणाली, बावड्यालाच आणलंसा की मला, इमानात बसवून.” ते मोठ्याने हसले.

बाई हसल्या नाहीत. “सातव्या दिशी वाईच ऊन पडलं. तवर आमची निघायची येळ,” त्या म्हणाल्या. “दादा, तुम्ही गेलतासा तवा न्हवता व्हय पाऊस?”

“नव्हता,” मी म्हणालो.

“मग आमचंच नशीब. तुमचा काय दोष.”

ते गेल्यावर मी खणातून पत्रक काढलं. मागच्या बाजूला, पत्त्याच्या वर, बारीक टायपात लिहिलं होतं की बेटाच्या त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर सर्वांत जास्त पाऊस पडतो. मी पत्रक खणात परत ठेवलं. संपादकांना सांगितलं नाही. खुलासा लिहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निवडक प्रवासलेखांची खास पुरवणी निघाली. संपादकांनी बेटाचा लेख त्यात घेतला. प्रुफं माझ्याकडे आली तेव्हा मी शेवटची दोन वाक्यं काढली. बाकी लेख, गुडघ्याएवढ्या पाण्यासकट, तसाच गेला.

पुरवणी निघाल्यावर चौथ्या दिवशी बाई आल्या. एकट्याच होत्या. त्यांनी दोन कात्रणं टेबलावर शेजारीशेजारी ठेवली आणि जुन्या कात्रणाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही वळ ह्यात न्हाय.”

“नाही.”

“कुनी काढली?”

“मी.”

आसपासच्या टेबलांवर काम चालू होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. “दादा, तुम्ही गेलतासा का तितं?”

“नाही.”

“मग पानी गुडघ्याएवढं हाय ते?”

“फोटोत होतं.”

“मी ह्यास्नी सांगितलं हुतं,” त्या म्हणाल्या, “माझ्या पायगुणानं पाऊस आला म्हणून. परत कुटं न्हेऊ नगा म्हणलं मला.”

खाली रस्त्यावर स्कूटरचा हॉर्न वाजला. गृहस्थ वर आले नव्हते. बाईंनी जुनं कात्रण घडी करून पिशवीत टाकलं. नवं टेबलावरच ठेवलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

नवं कात्रण माझ्याकडे आहे. खुलासा छापला गेला नाही.