मास्तरांचा पाय आणि महागडं पेट्रोल

मास्तर स्वस्थ बसलेले कुणी पाहिले नव्हते. जेवताना ते दोनदा उठत. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, आणि दुसऱ्यांदा तो आपण खरंच बघितला का ते बघायला. केस कापताना मान हलवू नका म्हणून न्हावी त्यांना दम द्यायचा. असल्या माणसाने ड्रायव्हिंग स्कूल काढावं ही तशी गंमतच. पण काढलं खरं, आणि चाललंही. एक गाडी, एक मास्तर आणि टपावर एक पाटी. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. मास्तरांच्या गाडीत तो जादा ब्रेक मूळ ब्रेकपेक्षा जास्त झिजला होता. शिकणारी पोरं त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणायची. बायको तोंडावर म्हणायची, पण फक्त रागात.

सध्या ती रागातच होती. ती नर्स. दवाखान्यातली रात्रपाळी सोडून तिला नवी नोकरी मिळत होती. पेशंटच्या घरी जायचं, ड्रेसिंग करायचं, इंजेक्शन द्यायचं आणि दिवेलागणीला आपल्या घरी यायचं. अट एकच होती, लायसन्स हवं. आणि पहिल्या परीक्षेत गाडी चढावर बंद पडली होती. ब्रेकमास्तरांची बायको चढावर नापास! गल्लीला महिनाभराची करमणूक झाली. आता दुसरी परीक्षा गुरुवारी होती. याही वेळी गाडी बंद पडली, की नोकरी दुसरीला जाणार होती.

"चूक तुझी नव्हतीच," मास्तर रोज सांगायचे. "इंजिन टकटक करतंय. चढ आला की बघ. जीव नाही राहिला त्याच्यात."

टकटक खरंच व्हायची. चढावर व्हायची, चौकात व्हायची, समोरून ट्रक आला की हमखास व्हायची. ती सुरू झाली की मास्तर "गिअर बदल, गिअर बदल" म्हणून ओरडायचे, बायको भांबावायची आणि गाडी धाप लागल्यासारखी बंद पडायची.

त्यांच्याकडे पतपेढीतले एक साहेब गाडी शिकायला येत. साहेबांना अजून रिव्हर्स जमत नव्हता, पण मोबाइलवर वाचून इंजिनातलं सगळं ठाऊक होतं.

"मास्तर, तुमच्या गाडीला ऑक्टेन कमी पडतंय. ते भारीतलं पेट्रोल टाका. वाऱ्यासारखी पळेल."

मास्तरांनी त्याच संध्याकाळी टाकी भरली. आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशी आवाज गायब! मास्तर मांडी घालून, राजासारखे सीटवर बसले. शिकणाऱ्यांना गोष्टी सांगितल्या. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "खायला चांगलं घातलं की यंत्रसुद्धा दुवा देतं."

"मग मलाही घाला कधीतरी," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तीच चढावर शिकत होती आणि टकटक परत आली. आधीपेक्षा जोरात. मास्तरांचा चेहरा उतरला. टाकीत जुनं पेट्रोल उरलं असेल, पंपवाल्याने भेसळ केली असेल, हवेत दमटपणा असेल, अशी एकेक शंका त्यांनी रात्रभर कुशीवर वळत काढली. सकाळी बायकोला घेऊन थेट मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये हजर.

मिस्त्री म्हणजे मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र. त्याने बॉनेट उघडलं, कान लावला, इंजिन रेस करून बघितलं.

"छान चाललंय की."

"उभ्या गाडीत नाही होत रे! चालताना होतं. थांब, मी येतो तुझ्याबरोबर."

"तू नकोस. तू बसलास की मला इंजिन ऐकू येत नाही, तूच ऐकू येतोस. वहिनी, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

ती दोघं टेकडीवर चक्कर मारून येईपर्यंत मास्तरांनी गॅरेजमधले सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून ठेवले. गाडी परत आली. मिस्त्री शेंगदाण्याची टरफलं झटकत उतरला.

"एकदासुद्धा वाजली नाही. आणि ऐक, हे महागाचं पेट्रोल बंद कर. ऑक्टेन म्हणजे काय ताकदीचं टॉनिक नाही. इंजिनात दाब वाढला की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आधीच भडकू शकतं, ते भडकू नये एवढाच त्याचा उपयोग. जास्त दाबाच्या इंजिनाला ते लागतं. तुझं इंजिन साधं. कंपनीने पुस्तकात साधंच पेट्रोल लिहिलंय. याला भारीतलं घातलंस तरी पत्ता लागत नाही."

"मग मधला एक दिवस आवाज का बंद होता?"

मिस्त्रीने खांदे उडवले. बायको मात्र शेजारच्या सीटपुढच्या त्या जादा ब्रेककडे बघत होती. टेकडीच्या चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक सोडत ती आज पहिल्यांदाच एकटीच्या बळावर वर गेली होती. मिस्त्रीचे दोन्ही पाय आख्खा वेळ शेंगदाण्याच्या पुडीखाली गपगार होते.

गुरुवारी परीक्षेच्या मैदानाबाहेर रांग होती. मास्तर टायरला लाथ मारून हवा बघत होते, आरसे पुसत होते, पुसलेले आरसे पुन्हा पुसत होते.

"काळजी करू नकोस. भारीतलं पेट्रोल आहे."

"साधं आहे," बायको म्हणाली. "सकाळी मिस्त्रींना शेजारी बसवून मीच भरून आणलं. आधीचं संपत आलं होतं."

"साधं? आज? अगं, आज?"

"हो, आजच."

पंप गाठून परत यावं म्हणावं तर तिचा नंबर पुकारला गेला होता. इथली पद्धत अशी, की परीक्षा घेणारे साहेब पुढे बसतात आणि शिकवणारा मागे, तोंड बंद ठेवून. मास्तर मागे बसले. साहेबांनी पाय लांब केले, मांडीवर फाइल ठेवली आणि जांभई दिली.

चढ आला. साहेब म्हणाले, "थांबवा. आता पुढे घ्या."

मास्तरांनी डोळे मिटले आणि टकटकीची वाट बघितली. आली नाही. इंजिनाचा आवाज किंचित वाढला, हँडब्रेक सुटल्याचा आवाज आला आणि गाडी गुमान वर चढली. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा उजवा पाय मागच्या रबरी मॅटवर जिवाच्या आकांताने दाबलेला होता.

"पास," साहेब म्हणाले. "पुढची गाडी."

मास्तरांना हसावं की चक्रावून जावं तेच कळेना. "आवाज नाही! साधं पेट्रोल, आणि आवाज नाही!" असं पुटपुटत ते पुढच्या सीटवर येऊन बसले. बायकोने गाडी घराकडे वळवली. पहिल्याच चौकात रिक्षा आडवी आली.

टक टक टक टक.

"बघ! बघ, आलाच! गिअर..."

तिने गाडी शांतपणे कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"पाय वर घ्या."

"काय?"

"अहो, पाय. सीटवर घ्या."

मास्तरांनी मांडी घातली. आवाज थांबला.

"आता ठेवा खाली."

त्यांनी पाय ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. मग शेजारून एक बस घसटून गेली आणि मास्तरांचा बूट झिजलेल्या पेडलवर शिलाई मशीन चालवल्यासारखा आपसूक नाचू लागला. ढिला झालेला दांडा खाली टकटकत राहिला.

मास्तर बराच वेळ आपल्या बुटाकडे बघत होते. कुणी परका माणूस गाडीत येऊन बसलाय असं.

"तुला कधी कळलं?"

"मिस्त्री बसले तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गुरुवारपर्यंत तुम्ही इंजिन सोडून पायाला ओरडत बसला असता. आणि माझ्या चढावर अर्धा ब्रेक तुमचाच पाय दाबत होता. मला कसं कळणार, गाडी मी थांबवते की तुम्ही?"

मास्तरांनी पुन्हा मांडी घातली आणि घरापर्यंत दोन्ही हातांनी ती घट्ट धरून ठेवली.

सोमवारी बायको पहिल्या पेशंटकडे निघाली. टपावरची पाटी मास्तरांनी स्वतः काढून ठेवली होती. पाणी, टायर, आरसे सगळं बघून झालं होतं.

"येते," ती म्हणाली. "आणि गॅस बंद आहे. मी बघितलाय."

गाडी गल्लीच्या टोकाशी गेली. तिथे वळण अवघड, पलीकडून येणारं काही दिसत नाही. फाटकाशी उभ्या मास्तरांचा उजवा पाय जमिनीत रुतला. त्याच क्षणी गाडीचे मागचे लाल दिवे लागले. ती थांबली, नीट बघून हळूच वळली आणि दिसेनाशी झाली.

मास्तरांनी पाय उचलला. मग आत जाऊन एकदा गॅस बघून आले.