लग्न डिलीट करायचं नसतं

हे सगळं मला नीट आठवतंय की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. आयुष्य फिजिक्स शिकवण्यात गेलं, त्यामुळे खात्री नसलेलं वाक्य बोलताना जीभ अडखळते. पण मुरबाडला नंदाताईंच्या फोटो स्टुडिओत रोज सकाळी पेपर वाचायला बसणाऱ्या माणसाकडे किस्से साचतातच. खुंटीवर पिशव्या साचतात तसे. एक काढायला जावं तर चार खाली पडतात!

*

नंदाताईंचा कम्प्युटर तेव्हा अगदी थकला होता. अल्बमचं एक पान उघडायचं तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरत राही. एकदा एक नवरदेव आला. फोटोतल्या नवरीच्या गालावरचा डाग काढायचा होता. चक्र फिरतंय, फिरतंय...

शेवटी तो उठला. "ताई, राहू द्या. आता एकदम बारशाच्या फोटोलाच येतो!"

*

मी सुचवलं, डिस्क गच्च भरलीय, जुनी लग्नं काढून टाका. तत्त्वतः ते बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. बहुतेक.

नंदाताईंनी माउस सोडला. "सर, लग्न डिलीट करायचं नसतं. ज्यांचा घटस्फोट झाला ना, त्यांचं पण ठेवलंय मी!"

*

त्याच सुमारास सिद्धगडाखालच्या ठाकरवाडीतून हिराबाई आल्या. मुलीचं, सुनीताचं, लग्न तोंडावर आलं होतं. ती रांगत होती तेव्हाच बाप गेलेला, आणि घरात त्याचा एकही फोटो नाही.

"मांडवात बापाचा फोटो पायजे, ताई. पोरगी पाया कोनाच्या पडंल?"

नवरा एकदा गावातल्या मोठ्या लग्नात पंगतीला वाढायला होता, एवढाच धागा. त्या लग्नाचे फोटो नंदाताईंनीच काढले होते. तालुक्यात डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा त्यांनीच आणला, असं त्या सांगतात. डिस्कवर ते लग्न होतं!

मी पेपरात डोकं घातलं.

*

पण फोटो ढीगभर आणि मशीन असं. मेमरी वाढवायची की डिस्क बदलायची? मी कागदावर आकृती काढून समजावू लागलो. ती पानाबाहेर जायला लागली, तसं नंदाताई हिराबाईंकडे वळल्या.

"हे बघ गो हिराबाय, मेमरी म्हणजे ओटा, हार्डडिस्क म्हणजे माळा. माळा केवढा पन असू दे, भाकरी ओट्यावरच थापायची. ओटा लहान, म्हणून डबे वरखाली करण्यात जीव जातोय."

हिराबाई म्हणाल्या, "मग ओटा वाढवा, आन् हाताशी एक फळी मारा."

माझ्या आकृतीतही तेच होतं! ठरलंही तसंच. मेमरी दुप्पट, रोजच्या कामाला हाताशी फळी म्हणून वेगवान एसएसडी डिस्क, आणि जुनी लग्नं जुन्या मोठ्या डिस्कवर, होती तिथेच.

*

सामान बसलं, तरी मशीन आपलं रांगतंच! नंदाताईंचा चेहरा उतरला. सल्ला देणाऱ्यांत मीही होतो.

भीत भीत मीच सेटिंग उघडलं. फोटोचं सॉफ्टवेअर आपलं कच्चं काम अजून त्या भरलेल्या जुन्या डिस्कवरच करत होतं. ते एसएसडीकडे वळवलं. पान चटकन उघडलं. मी पुन्हा बंद करून उघडलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं.

"बस झालं, सर," नंदाताई म्हणाल्या. "पीएचडी वाया नाय गेली!"

*

ते जुनं लग्न एसएसडीवर घेतलं. हिराबाई स्टुलावर बसल्या, आणि पंगतींमागून पंगती सरकू लागल्या.

"नाय... नाय... यो पन नाय."

फोटो संपले. हिराबाईंनी पदराला गाठ मारली, सोडली. मग म्हणाल्या, "मागं घ्या." एका फोटोवर त्यांनी बोट टेकवलं. "यो."

वरणाची बादली धरलेला तरुण. अर्धा चेहरा एका पाहुण्याच्या फेट्याआड. त्या अर्ध्यावरून नंदाताईंनी पूर्ण माणूस उभा केला. थरावर थर चढत होते, मशीन एकदाही अडलं नाही. फेट्याआडची भुवई त्यांनी एकेक केस करून काढली. इतकी सबुरी मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही.

फ्रेम हातात आली, तशी सुनीता बघतच राहिली. "आये, बाबा तं वाळकूकाकासारखाच!"

"भाऊच ना त्याचा," हिराबाई म्हणाल्या.

मला मात्र धाकधूक. अर्धाच चेहरा, भलताच माणूस तर नाही ना दिला आपण?

नंदाताई हसल्या. "बायकोनं ओळखला, सर. तुमी कोन?"

*

काही वर्षांनी सुनीताचा तो काका, वाळकू, मुरबाडच्या बाजारात करवंदं विकताना दिसला. राहवेना. विचारलं, "फोटोतला तो तुझा भाऊच ना रे?"

"नाय ओ सर, तो मीच. दादा त्या लग्नात एका पन फोटोत गावला नाय. वैनीनं मला इचारलं, चालंल का? मी बोललो, चालंल."

त्याने करवंदांचा वाटा माझ्या पिशवीत ओतला.

"मांडवात फोटोला हार घातला, तवा मी समोरच उभा होतो. तवापासून सर्दी पन नाय झाली बघा!"