पेठ प्रांत सोडून द्यावा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा संपेपर्यंत ऐका आणि मग हवं तेवढं हसा. कॉम्प्युटरवर राज्य चालवायला गेलो आणि हातातल्या नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली, असा गाढवपणा अख्ख्या नाशकात माझ्याशिवाय कोणी केला नसेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशिकला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून नवा लागलो होतो, प्रोबेशनवर. साहेबांनी 'काम समाधानकारक' असा शेरा मारला की कायम, नाहीतर घरी. सासरेबुवा दर रविवारी पोह्यांची बशी पुढे करत विचारायचे, "मग, झालात का कायम?" ते पोहे घशाखाली उतरायचे नाहीत.

अशा वेळी शहाणा माणूस खाली मान घालून काम करतो. मी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर एक परदेशी गेम टाकला. साधासुधा मारामारीचा नव्हे हं. त्यात तुम्हाला अठराव्या शतकातलं एक राज्य मिळतं आणि ते शंभर वर्षं चालवायचं असतं. कर बसवा, सरदार नेमा, सोयरिकी जुळवा, लढाया करा. मी अर्थातच मराठी राज्य घ्यायचो आणि दर खेपेला बुडवायचो.

बुडवायचो कुठे, तर नाशिकच्या पश्चिमेला, पेठच्या डोंगरात. चाळीस हजारांची फौज तिकडे धाडली की ती घाटात अडकायची आणि उपाशी मरायची. दहादा असं झाल्यावर माणसाला वाटायला हवं की नाही, आपलं काहीतरी चुकतंय? मला वाटलं, गेम चुकतोय.

गेमच्या डबीवर छापलं होतं, सूचना असतील तर जरूर कळवा. झालं! आमच्या इंग्रजीची बोंब, पण बायको इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तेव्हा मी मराठीत लिहायचं आणि तिने त्याचं इंग्रजी करायचं असं ठरलं.

आता कारकुनाच्या हातात कोरा कागद दिला की काय उतरतं? 'प्रति, मा. व्यवस्थापक.' त्याखाली कंपनीचं नाव, पण स्पेलिंग बघून घालू म्हणून ती जागा रिकामी सोडली. 'विषय: राज्यकारभारात करावयाच्या सुधारणांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करतो की...' बायकोला मी प्रेमपत्रसुद्धा 'आपले पत्र मिळाले' असं सुरू करून लिहिलेलं आहे, त्यामुळे यात मला काहीच वावगं दिसलं नाही.

मग सूचना, अनुक्रमांकासह. एक, नाशिक प्रांत एकगठ्ठा न ठेवता त्याचे भाग पाडावेत. दोन, येवल्याचे पैठणी विणणारे कारागीर मागांसह राजधानीत हलवण्याची सोय असावी. तीन, जो सरदार तीन वर्षांहून जास्त एका जागी बसतो तो सुस्तावतो, सबब त्यास हलवावे. चार, पेठ प्रांतात तांदूळ आणि नागली (नाचणी) यांखेरीज काही नाही आणि फौजेचा खर्च मात्र भरमसाट, सबब पेठ प्रांत सोडून द्यावा. खाली सही, आणि सवयीने हुद्दासुद्धा!

दुसऱ्या दिवशी कागद कचेरीत नेला. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत एकदा नजर फिरवू. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आणि चहाला गेलो. आमच्याकडे रिवाज असा, की उजव्या कोपऱ्यातला कागद म्हणजे काम झालेला कागद. आवक-जावक सांभाळणाऱ्या कुलथेबाई फिरत यायच्या आणि तो उचलून न्यायच्या.

आणि त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलेलं. कर्मचाऱ्यांनी कारभार सुधारण्यासाठी लेखी सूचना द्याव्यात. कोण देतो? कोणीही दिल्या नव्हत्या.

मी परत आलो तर कोपरा रिकामा. धावत बाईंकडे गेलो. त्या रजिस्टरवर मान घालून बसल्या होत्या.

"बाई, माझा एक कागद..."

"आवकला घेतला. नंबर पडला."

"अहो, तो खासगी होता."

"खासगी कागदावर हुद्दा घालतात का?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नंबर पडला की कागद सरकारचा. आता फाडता येत नाही, निकालीच काढावा लागतो. आणि काय हो, माझ्या वडिलांना येवल्याहून हलवणार म्हणे तुम्ही?"

बाईंचं माहेर येवल्याचं आणि वडील विणकर, हे मला त्या क्षणी कळलं.

"माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो," बाई म्हणाल्या. "माग हलवाल. खड्डा कसा हलवणार?"

गेममध्ये खड्डा नव्हताच.

कागद तोवर देवरे भाऊसाहेबांच्या टेबलावर पोचला होता. देवरे भाऊसाहेब सटाण्याकडचे, अहिराणी ढंगात 'आहे'ला 'शे' म्हणणारे, आमचे हेडक्लार्क. अकरा वर्षं त्याच खुर्चीत, त्याच उशीवर. त्यांनी एक नंबर वाचला नाही, दोन नंबर वाचला नाही, बरोब्बर तीन नंबरवर बोट ठेवलं.

"हाई काय शे भो?" त्यांचा आवाज कमालीचा शांत होता. "सुस्तावलेला सरदार म्हणजे कोण?"

"तुम्ही नाही, भाऊसाहेब. ते आपलं... घोड्यावरचे सरदार."

"म्हणजे बिनघोड्याचा मीच राहिलो ना?"

त्यांनी समासात लिहिलं, 'सूचना विचारार्ह. साहेबांकडे सादर.' म्हणजे बघा, राजधानी, फौज, सरदार असं सगळं त्या कागदात होतं, पण एकालाही ते विचित्र वाटलं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरती ओळ वाचली आणि कागद पुढे ढकलला.

साहेबांचं नाव भोये. बोलणं कमी, आवाज हळू. आणि गाव? पेठ तालुक्यातला एक पाडा. हे मला देवरे भाऊसाहेबांनी केबिनच्या दारात, अगदी आत शिरता शिरता सांगितलं.

साहेबांपुढे कागद होता. माझ्या डोळ्यांपुढे सासरेबुवांचे पोहे होते.

"पेठ कुणाला देऊन टाकायचं ठरवलंय?" साहेबांनी विचारलं.

मी सगळं कबूल केलं. गेम, घाट, चाळीस हजार फौज, बायकोचं इंग्रजी. बोलताना मला स्वतःलाच ते खोटं वाटत होतं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"फौज कुठल्या महिन्यात नेली होती?"

"आषाढात, साहेब."

"आषाढात आम्हीसुद्धा ओझं घेऊन घाट चढत नाही. सोबत खायला काय दिलं होतं?"

"ते... तिथंच मिळेल असं धरलं होतं."

"आषाढात? तेव्हा तर आमच्या कणग्या तळाला लागलेल्या असतात." साहेबांनी कागद वळवला. "तांदूळ लिहिलंय. कोणता? हळवा की गरवा?"

लवकर येणारा भात तो हळवा आणि उशिरा येणारा गरवा, हे आज मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी मी म्हणालो, "पांढरा, साहेब."

साहेबांनी मान खाली घातली. रागावले की हसले, ते मला अजून माहीत नाही. मग म्हणाले, "एवढं ठाऊक नसताना अख्खा प्रांत सोडून दिला तुम्ही. जा आता. कागदाला नंबर आहे, निकाली काढावा लागेल."

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मग कुलथेबाईंनी आदेश हातात ठेवला. पहिल्या ओळीत, काम समाधानकारक, सेवेत कायम. मी तिथंच खुर्चीत बसलो. दुसरी ओळ बाईंनीच वाचून दाखवली. 'सूचनाकर्त्यास प्रदेशाची प्रत्यक्ष माहिती घेणे आवश्यक वाटते. सबब पेठ येथील शाखेत नेमणूक.' सूचना क्रमांक तीनचाही मान राखला होता. देवरे भाऊसाहेब उशीसकट बदल्यांच्या टेबलावर गेले होते.

तर मी गेलो पेठला, तोंड पाडून. आणि आता खरं सांगतो, हसू नका. त्या गावाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते या जन्मात फिटायचे नाहीत. कुठल्याही पाड्यावर कामाला जा, "भाऊसाहेब, जेवल्याबिगर नाय जायचं" म्हणून हात धरून बसवायचे. नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण. स्वतःच्या घरात किती उरलंय ते न बघता वाढायचे. बायकोला तिथल्या शाळेत नोकरी लागली आणि तिचं इंग्रजी शेवटी योग्य ठिकाणी खर्ची पडलं.

दुसऱ्या वर्षी आषाढातच मला ताप भरला, साधासुधा नव्हे. डॉक्टर म्हणाले, नाशिकला हलवा. घाटात दरड कोसळलेली आणि गाड्या बंद. ज्यांच्या घरी मी फक्त दोनदा जेवलो होतो असे चौघे जण आले. खाटेवर घातलं, वर इरलं धरलं आणि दरड ओलांडून पलीकडच्या जीपपर्यंत पोचवलं. माझी चाळीस हजारांची फौज दहादा मेली तो घाट, चार माणसांनी अनवाणी पार केला. चहासुद्धा न घेता परत गेले. भातलावणी खोळंबली होती.

बरा झाल्यावर भोये साहेबांना भेटायला गेलो आणि त्यांच्या पायाला हात लावला. ते एवढंच म्हणाले, "आता सोडायचं का पेठ?"

नाहीच सोडायचं होतं! तीन वर्षं भरत आली तसा मी अर्ज टाकला. 'प्रति, विषय, उपरोक्त विषयास अनुसरून' सगळं रीतसर. पेठ येथेच ठेवावे ही नम्र विनंती. भोये साहेब तोवर निवृत्त झाले होते, पण अर्ज इतका मनापासून लिहिला होता की नकाराचा प्रश्नच नव्हता.

परदेशी कंपनीला ते पत्र कधी गेलंच नाही. ते अजून कचेरीच्या फाइलमध्येच आहे. हे मला कसं कळलं? आठ दिवसांत अर्जाचं उत्तर आलं. 'विनंती अमान्य. नाशिक येथे तात्काळ रुजू व्हावे. पूर्वसंदर्भ: आपलीच सूचना क्रमांक तीन.'

खाली बदल्यांच्या टेबलावरून देवरे भाऊसाहेबांची लफ्फेदार सही, आणि तिच्याशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सूचना चांगली शे.'